टपावरचा पंखा

बेटावर आलेल्या साठ सालच्या वादळानं परशुरामचं घर उचललं आणि पलीकडच्या उसात नेऊन आपटलं. घरातली माणसं शाळेच्या पक्क्या इमारतीत होती म्हणून वाचली. त्यानंतर तो काम करायचा त्या गॅरेजच्या मालकाला त्याची दया आली की मागच्या आवारातली अडगळ खपवायची सोय दिसली, देव जाणे, पण एक मोडकी बस त्यानं परशुरामला राहायला दिली. इंजिन काढलेलं, चाकांच्या जागी दगड रचलेले आणि कपाळावर अजून 'क्युरपिप' गावाची पाटी. कार्तिए मिलितेर गावच्या नाक्यावरचे लोक भारी चावट. येताजाता विचारायचे, "काय रं परशुराम, कधी सुटायची तुझी गाडी?" तोही काही कमी नव्हता. "एक पॅसेंजर यायचा हाय, तो आला की सुटंल," म्हणायचा, आणि आत बसलेली त्याची बायको इंद्राणी लाजून पदर तोंडाशी धरायची. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि दोघांनी आशा जवळजवळ सोडली होती, तेव्हा कुठे हे दिवस गेले होते.

बस राहायला बरी होती, पण हवेचा पत्ता नव्हता. काचा वादळात फुटल्या होत्या. परशुरामनं सगळ्या खिडक्यांना पत्रे ठोकले होते, कारण तो भाग उंचावरचा, बारमाही चिखलाचा, आणि जुलैत, म्हणजे तिथल्या हिवाळ्यात, तर पावसाची झिमझिम आणि थंडी हाडात शिरते. दार लावलं की बस डबा व्हायची. चूल बाहेर आडोशाला होती, तिची त्याला काळजी नव्हती. त्याला धास्ती होती ती पुढे येणाऱ्या शेगडीची.

बाळंतिणीला शेक लागतो. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवायची, वर ओवा आणि बाळंतशेपा टाकायच्या, बाळंतिणीच्या कानात कापूस, डोक्याला फडकं, आणि दारं-खिडक्या घट्ट बंद. हे त्यांचे आजे-पणजे कोकणातून जहाजात बसून या बेटावर आले तेव्हा बरोबर घेऊन आले होते आणि त्यात कुणी कधी बदल केला नव्हता. पण गवताच्या घराला शंभर भोकं असतात, बसला एकही नव्हतं. परशुरामनं गॅरेजात एकदा बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून काम करताना बेशुद्ध पडलेला जोडीदार ओढत बाहेर काढला होता. कोळशाचा गॅसही तसाच, न दिसणारा, न वास येणारा, हे तो जाणून होता.

म्हणून त्यानं टपावर पंखा बसवायचं ठरवलं. टपाला भोक पाडलं, त्यावर पावसासाठी पत्र्याची टोपी केली, तेलाच्या डब्याची पाती कापली. मोडीत निघालेल्या एका फ्रेंच मोटारीच्या हीटरमधून छोटी मोटर काढली. बॅटरी ड्रायव्हरच्या सीटखाली. तिथून फ्यूज, बाजेजवळ बटण, बटणापासून मोटर. आणि परतीची तार नाहीच, कारण बसचं लोखंडी अंगच तिचं काम करतं. बस इंग्रजी, त्यामुळे बॅटरीचं प्लस अंगाला. त्या मोटरची एकच खोड होती. बॅटरी उलटी जोडली की ती उलटी फिरायची, आणि मग पंखा आतली हवा बाहेर ओढायच्या ऐवजी बाहेरची आत ढकलायचा. परशुरामला हे पक्कं ठाऊक होतं. काम झाल्यावर सिगारेट पेटवून त्यानं धूर वर जातो का ते पाहिलं, आणि गेला.

आता उरली त्याची आई, भगवती. तिनं गावातली निम्मी पोरं आपल्या हातानं या जगात आणली होती, आणि पंखा, तिच्या तोंडी 'वांतिलातेर', बघून ती चवताळली.

"बाळंतिणीच्या डोक्यावर वांतिलातेर? अक्कल गहाण टाकलीस काय?"

"आये, तो वारा घालीत नाय. आतला गॅस बाहेर काढतो."

"माझी बहीण वाऱ्यानं गेली, पर्शा. फकस्त दार उघडा राहिला होता. तीन दिवस बडबडत होती, मला पण वळखीना. तू मला वारा शिकवू नकोस."

भांडून उपयोग नव्हता. त्यानं शेगडी पेटवली, चिमूटभर ओवा टाकला आणि बटण दाबलं. धूर उठला तो सरळ टपाच्या भोकाकडे गेला. दाराखाली बोटभर फट ठेवली होती, तिथून हवा येत होती, पण जमिनीलगत. बाजेवर बसलेल्या इंद्राणीच्या केसालाही ती हलवत नव्हती. भगवतीनं भोकाखाली हात धरला, तोंड धरलं, बराच वेळ उभी राहिली.

"बरा," ती शेवटी म्हणाली. "पण एक सांगून ठेवते. वाऱ्याची झुळूक जरी आली ना, तर ह्या भोकात गोणी कोंबीन."

"कोंब की," परशुराम हसत म्हणाला.

मुलगा झाला. आवारात मिठाई वाटली गेली, नाक्यावरच्यांनी पॅसेंजर आला म्हणून ओरडून घेतलं. रोज सकाळी शेक व्हायचा, पंखा गुणगुणायचा, इंद्राणी म्हणायची की त्या आवाजानं बाळाला झोप छान लागते. परशुराम कामावरून आला की आधी बाळाकडे आणि मग पंख्याकडे बघायचा. दोन्ही त्यानंच केल्यासारखा त्याचा तोरा असे, आणि यावरून इंद्राणी त्याला चिडवायची.

बॅटरी म्हातारी होती, ती उतरली. त्यानं ती गॅरेजात चार्जिंगला लावली. त्याच दिवसांत मालकानं एक जर्मन लॉरी आणली होती आणि तिच्यात सगळं उलटं, मायनस अंगाला. कुणीतरी सवयीनं प्लस अंगाला जोडलं आणि डायनॅमो जाळला. मालकानं सगळ्यांना रांगेत उभं करून आईबापांचा उद्धार केला. "मायनस अंगाला! मायनस!" दिवसभर गॅरेजात तेवढंच चाललं होतं. परशुरामनं दिवसभर त्याच लॉरीच्या तारा ओढल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जायच्या आधी त्यानं बॅटरी गॅरेजातून आणून बसमध्ये बसवली. घाई होती. एक चिमटा खुंटीवर बसेना, दुसरा ढिला पडत होता. एरवी त्याच्या लक्षात आलं असतं. बॅटरीची एक खुंटी जाड आणि एक बारीक असते ती चूक होऊ नये म्हणूनच. त्यानं एक चिमटा पान्याच्या दांड्यानं ठोकून बसवला, दुसऱ्यात शिशाची पट्टी सारली. बटण दाबलं. पंखा गुणगुणायला लागला. शेगडी अजून पेटायची होती, धूर नव्हता. वर हात धरून बघायला हवं होतं, पण आवाज ऐकला आणि तो निघाला.

पुढचं भगवतीनं त्याला नंतर सांगितलं, पुन्हा पुन्हा सांगितलं.

तिनं इंद्राणीला न्हाऊ घातलं, बाजेवर निजवलं, खाली शेगडी सरकवली. तेवढ्यात इंद्राणी म्हणाली, "आये, डोक्याला गार लागतंय." भगवतीनं हात वर केला. भोकातून थंड, ओला वारा सरळ खाली येत होता, ओल्या केसांच्या बाळंतिणीवर. तिनं बटण बंद केलं, स्टुलावर चढली आणि भोकात गोणी कोंबली. मग दाराखालच्या फटीत फडकं घातलं, आणि लागलेली थंडी निघावी म्हणून शेगडीत दुप्पट निखारे ओतले. बाळाला न्हाऊ घालायचं होतं. बसमध्ये पाणी सांडून गारवा नको म्हणून ती त्याला गुंडाळून शेजारच्या गंगाच्या ऊबदार स्वयंपाकघरात घेऊन गेली.

बाळाचं सगळं आटोपून ती एकदा परत आली होती. दार किलकिलं करून पाहिलं. इंद्राणी गाढ झोपली होती आणि तिचे गाल लालबुंद झाले होते. भगवतीला बरं वाटलं. शेक चांगला लागला, वारा निघाला. बिचारीची रात्रभर झोप झालेली नसते, निजू दे. तिनं दार हलक्या हातानं लावलं आणि पुन्हा गंगाकडे जाऊन बसली. बाळ दुधासाठी रडायला लागलं, तेव्हा ती सुनेला उठवायला गेली.

परशुरामला गॅरेजातून बोलावलं. मालकानं स्वतःची गाडी काढली, यात काही खोटं नाही. पण दवाखान्यात डॉक्टरनं फक्त पापणी उचलली आणि सोडली. परशुरामला एकट्याला आत घेऊन त्यानं विचारलं, खोलीत कोळसा पेटवला होता का, हवा जायला वाट होती का. येताना गाडीत आईनं गोणीचं सांगितलं होतं, पण ते लपवून परशुराम म्हणाला, वाट होती, पण बॅटरी उतरली होती, पंखा बंद होता. डॉक्टरनं मान हलवली. बाहेर बाकावर भगवती बाळाला उराशी धरून बसली होती.

"काय म्हणाला दोक्तेर?"

परशुरामनं तिच्याकडे पाहिलं. तासाभरात ती दहा वर्षांनी म्हातारी दिसत होती.

"वारा लागला म्हणाला."

तिनं कपाळावर हात मारून घेतला. "मी कोंबली रं गोणी! लगेच कोंबली. तरी उशीरच झाला."

संध्याकाळी बायका रडत असताना तो बसमध्ये शिरला. गोणी काढली, बटण दाबलं, सिगारेट पेटवली. धूर वर गेला नाही. तो खाली वळला आणि त्याच्याच डोळ्यांत शिरला. त्यानं बॅटरीकडे जाऊन पाहिलं नाही. चिमटा कसा ठोकून बसवला होता ते त्याच्या हाताला आठवत होतं. बायकोला आपण मारलं, हे त्याला तिथे उभ्या उभ्या कळलं. आणि आईनंही मारलं, पण तिला ते कळता कामा नये. निदान एवढं तरी आपण करू शकतो, असं त्याला वाटलं.

बारावं-तेरावं झालं. बाळ जगायला हवं होतं. गंगाच्या सुनेचं मूल अंगावर पीत होतं, ती दोघांनाही पाजायची. बाकी सगळं भगवती करायची. बाळ रात्री तिच्याच पोटाशी झोपायचं. गाव म्हणत होतं, म्हातारीनं कंबर कसली. तीही रडणं विसरून कामाला लागली होती, आणि तिला तसं बघून परशुरामला आपलं खोटं बरं वाटायचं.

मग एक दिवस पाऊस फार झाला. लॉरी दुरुस्तीचं काम थांबलं म्हणून परशुराम दुपारीच घरी आला. दार आतून घट्ट बसलं होतं, ढकलावं लागलं. आत टपाच्या भोकाला खालून पत्रा ठोकलेला होता. भगवतीनं गंगाच्या नवऱ्याकडून ठोकून घेतला होता. बाळ पाळण्यात होतं. पाळण्याखाली ती शेगडी सरकवत होती, भरून, लालभडक.

"दार लाव पहिला," ती म्हणाली. "पोराला सर्दी झाली हाय. आईला घेतलान, ह्याला नाय घेऊ द्यायची मी वाऱ्याला."

परशुरामनं शेगडी उचलली. हात पोळले, तरी तशीच उचलून पावसात फेकली. निखारे चर्र झाले.

"येडा झालास? पोर गारठंल!"

"आये, वाऱ्यानं नाय गेली ती." त्याचा आवाज त्यालाच ओळखू येईना. "मी खोटा बोललो. सारबोनचा, कोळशाचा गॅस. मी बातरी उलटी जोडली, पंखा उलटा फिरला. चूक माझी हाय, सगळी माझी."

भगवती तिथेच खाली बसली. बाहेर निखाऱ्यांची वाफ निघत होती. ती बाई अडाणी होती, पण मूर्ख नव्हती. तिनं एकेक गोष्ट मनात लावून पाहिली असावी.

"उलटा फिरला, म्हंजे बाहेरचा वारा आत येत होता."

"व्हय."

"मंग गॅस साठला नसता."

त्यानं पोळलेले हात दाराबाहेर पावसात धरले.

"मी गोणी नसती कोंबली, तर जगली असती?"

परशुरामला नाही म्हणायचं होतं. नाही म्हणायला तोंडही उघडलं. पण एक खोटं नुकतंच पाळण्याखाली लालभडक पेटलेलं त्यानं पाहिलं होतं.

"सर्दी झाली असती," तो म्हणाला. "बस."

भगवती उठली. बाळाला पाळण्यातून काढलं, दुपट्यात नीट गुंडाळलं, कान झाकले, आणि त्याच्या पोळलेल्या हातांवर ठेवलं.

"मान धर," ती म्हणाली. "अशी. आता हा तुझ्यापाशी निजंल. मला नको देऊस. मी मागितला तरी देऊ नकोस."

आणि फडकं डोक्यावर घेऊन ती गंगाकडे निघून गेली, जाताना दार उघडं टाकून.