आधीचे भाग

भाईंनी स्वतः उठून कपाटातला पाचवा भाग काढला आणि रोझालिनाच्या हातात दिला, तेव्हा माझा खळ लावणारा हात थांबला.

रोझालिना नुकतीच आमच्या देवगडात शिक्षिका म्हणून आली होती. संध्याकाळी करमत नाही, काहीतरी वाचायला द्या, एवढंच ती म्हणाली होती. मी वाचनालयाच्या कोपऱ्यात फाटके पुठ्ठे चिकटवत बसले होते. मी उठले, तिच्याकडून ते पुस्तक घेतलं आणि दुसरा भाग दिला.

"ह्यां कित्याक?" भाईंनी मला विचारलं. रागाने नव्हे. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

भाई म्हणजे माझे यजमान. सगळं गाव त्यांना भाई म्हणे, म्हणून मीही तेच लिहिते. नोकरीतून निवृत्त झाल्यावर ते वाचनालय सांभाळत. त्यांचा जीव होता 'दूरयान' या विज्ञानकादंबऱ्यांच्या मालिकेवर. पृथ्वीवरून निघालेलं एक यान, त्यातच जन्मणारी आणि मरणारी माणसं, आणि दर दिवाळीच्या सुमाराला एक नवा भाग. मला त्या यानाचं कधी वेड लागलं नाही, पण नवख्याने सुरुवात कुठून करू नये, हे ऐकून ऐकून पाठ झालं होतं. पहिल्यापासून नको, त्यात नुसती इंजिनं आहेत, माणसं शेवटी शेवटी येतात. आठव्यापासून नको, त्यात गोष्ट उलटी चालते. आंब्याच्या व्यापारातला दत्ताराम एकदा आठवा घेऊन गेला आणि काही समजत नाही म्हणून कुरकुरत परत आला. भाई त्याला म्हणाले, "लोकांची जेवणां आटपल्यार ताकाक येवन बसलंस, मगे वरण खंय म्हणान काय इचारतंस?"

पण सगळ्यांत वाईट पाचवा. त्यात मधली कितीतरी वर्षं उलटून गेलेली असतात. निम्मी माणसं मेलेली, उरलेली म्हातारी झालेली. ती एकमेकांची नावं घेऊन हसतात, रडतात, भांडतात आणि वाचणाऱ्याला कोण कोणाचं ते कोणीच सांगत नाही. नव्या सभासदाने पाचव्याकडे हात नेला की भाई कपाटाला पाठ लावून उभे राहत. तो भाग त्यांनी आपण होऊन दिला होता.

वर्षभरात त्यांच्या आठवणीतलं बाकीचंही हळूहळू गेलं. वाचनालयाची किल्ली रोझालिनाने आपल्याकडे घेतली. कणकवलीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि माझ्याकडे बघायचं टाळलं. भाई मला बाई म्हणू लागले, अहोजाहो करू लागले. जेवण झालं की आभार मानत.

त्या वर्षीच्या शिमग्याला आमचा सत्यवान मुंबईहून आला तो आम्हाला न्यायचं ठरवूनच. डोंबिवलीत त्याने जागा घेतली होती, तिथे मोठे डॉक्टर होते. मीही थकले होते. हो म्हणाले आणि ट्रंक भरायला घेतली.

निघायच्या आदल्या दुपारी शेजारपाजारची माणसं भेटायला आली. पडवीत दाटी झाली. सुशीलाकाकी डोळे पुसत होत्या, दत्ताराम जुन्या गमती सांगत होता, सगळे भाईंकडे बघून हसत होते. भाईही हसत होते, पण त्यांचे हात गुडघ्यांवर घट्ट आवळलेले होते. मी चहा द्यायला वाकले, तेव्हा त्यांनी माझ्या पदराचं टोक धरलं.

"बाई, माका पाचव्या भागात आणून सोडलास तुमी," ते हळूच म्हणाले. "ही सगळी एकमेकांका वळाखतत. माका कोणी वळख करून देवक नाय. आधीचे भाग खंय आसत?"

मी आत गेले आणि चुलीपुढे बसून राहिले. माणसं गेल्यावर सत्यवानाला सांगितलं, आम्ही येत नाही.

तो चिडला. चिडणारच. रजा काढून आला होता, सून तिकडे खोली लावून बसली होती. त्याने मला हट्टी म्हटलं, अडाणी म्हटलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "आई, हय रवान काय करतलंस? तुका तरी वळाखतत काय ते?"

"नाय वळाखणत," मी म्हटलं. "पण हय बोट दाखवन सांगूक तरी येता. थंय काय दाखवन सांगू?"

सकाळच्या एसटीने तो एकटाच गेला. खिडकीतून त्याने हात केला नाही.

त्या दिवसापासून मी भाईंना आमची गोष्ट सांगू लागले. यानाची नव्हे, आमची. रोज, थोडी थोडी. ही पायरी, इथे तुमच्या आईने मला ओवाळलं. ही विहीर, हिला पाणी लागेपर्यंत तुम्ही दाढी केली नव्हती. हा माड सत्यवानाच्या बारशाचा. ते मन लावून ऐकत, बोट दाखवलं तिकडे बघत. अधूनमधून "मगे?" म्हणत. त्या बाईचं पुढे काय झालं, असंही विचारत. ती बाई मीच, हे मी सांगत असे, आणि ते भिडस्तपणे मान हलवत.

एके दिवशी सांगत सांगत सत्यवानाच्या शाळेपर्यंत आले. तिथून नेहमीसारखी मी एकदम त्याच्या मुंबईच्या नोकरीवर गेले.

भाईंनी हात वर केला. कपाळाला आठ्या पडल्या होत्या, वाचनालयात रांगेतलं पुस्तक जागेवर नसलं की पडत तशा.

"हय काय तरी चुकता," ते म्हणाले. "मधलो एक भाग खंय गेलो?"

मधल्या भागात आमची दुर्गा होती. सत्यवानाच्या पाठची. तिचं शाळेत नाव घातलं त्याच पावसाळ्यात तापाने गेली. खाडीला पूर होता, होडीची तर बंद होती, डॉक्टर पलीकडे. भाई तिला खांद्यावर घेऊन धक्क्यावर उभे राहिले होते. त्यानंतर आम्ही दोघांनी तिचं नाव कधी एकमेकांसमोर घेतलं नव्हतं.

ते माझ्याकडे बघत होते.

"वाचूक नेल्यान कोणीतरी," मी म्हटलं.

त्यांनी थोडा विचार केला. त्यांना ते पटलं. सरकून त्यांनी बाकावर माझ्यासाठी जागा केली.

"येतलो परत," ते म्हणाले. "तवसर थांबूया. मधलो सोडून फुडचो वाचू नये."

मी त्यांच्या शेजारी बसले. ते पायवाटेकडे बघत राहिले, आणि कोणी येताना दिसलं की पुढे वाकत.