हरवलेल्या वेलांट्या

मावशीने शंख-शिंपल्यांचा कोश जुन्या संगणकावर, जुन्या फॉन्टमध्ये टाइप केला होता. नव्या संगणकावर तो उघडला की नुसती गिचमिड दिसे. पुन्हा टाइप करण्याइतकी नजर आता तिच्याकडे उरली नव्हती. छापखान्याचे मालक मात्र म्हणाले होते, "संध्याकाळपर्यंत युनिकोडमध्ये फाइल द्या, नाहीतर यंत्र दुसऱ्या कामाला लागेल. मग पुढच्या वर्षी बघू."

म्हणून मी सी भाषेत एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. दुपारी तयार झालेलं पहिलं प्रकरण तिला वाचून दाखवायला बसले.

"शंपला," मी वाचलं आणि थांबले.

"माझा शिंपला कुठे गेला?"

"वेलांटी पडली, मावशी."

"पडू दे की. मला दिसणार नाही, पण वाचणाऱ्यांना दिसेल. नाव माझं छापलं जाणार आहे, तुझं नाही."

आणखी दोन ठिकाणी तेच झालं. बाकी हजारो वेलांट्या जागच्या जागी होत्या. म्हणजे नियम बरोबर होता; कुठेतरी विसरभोळेपणा होता.

जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी आधी साठवलेली असते आणि अक्षर नंतर. युनिकोडमध्ये उलटं. त्यामुळे वेलांटी आली की प्रोग्रॅम ती हातात धरून ठेवतो आणि अक्षर आल्यावर त्याच्यानंतर ठेवतो. हरवलेल्या वेलांट्या मूळ फाइलमध्ये कितव्या बाइटवर होत्या, ते मी पाहिलं. तिन्ही आकडे ४०९६च्या पटीत होते.

मला हसू आलं.

"काय झालं गं?"

"मी फाइल एकदम वाचत नाही, ४०९६ बाइट्सच्या खोक्यांनी वाचते. खोक्याच्या अगदी शेवटी वेलांटी आली, की पुढचं खोकं उघडताना हातातलं टाकून देते."

"लहानपणीही तू दप्तर उघडायला डबा खाली टाकायचीस."

वेलांटी धरून ठेवणारा चल, म्हणजे प्रोग्रॅमचा तो हात, प्रत्येक खोक्याबरोबर नव्याने, रिकामा तयार होत होता. तो तयार करणारी एक ओळ मी उचलून खोकं वाचणाऱ्या फंक्शनच्या बाहेर नेली; आता हातातलं पुढच्या खोक्यापर्यंत टिकणार होतं. दुसरं काही बदललं नाही.

पण मावशीला तपासता येणार नव्हतं आणि आख्खा कोश वाचायला मला वेळ नव्हता. म्हणून मी उलटा प्रोग्रॅम लिहिला: युनिकोडमधून परत जुन्या फॉन्टमध्ये. परत आलेली फाइल आणि मावशीची मूळ फाइल बाइटला बाइट लावून पाहायची आज्ञा दिली.

पडद्यावर काहीच उमटलं नाही.

"काय म्हणतोय तो?"

"काही नाही. फरक सापडला नाही की तो गप्प बसतो."

"एकही नाही?"

"एकही नाही, मावशी. तू टाइप केलेलं सगळं जसंच्या तसं आहे."

तिने खुर्चीच्या हातांवर दोन्ही तळवे टेकले, ताठ बसली आणि फोन मागितला.

"फाइल येतेय," तिने छापखान्याच्या मालकांना सांगितलं. "आणि हे बघा, वेलांट्या आम्ही तपासल्या आहेत. आता एखादी पडली, तर ती तुमच्याकडे पडली."