बाईसाहेबांचा डावा पाय

"पाय गरम आहे," मोतद्दार म्हणाला आणि घोडीच्या पुढच्या डाव्या पायावरून त्याने हात काढला.

डॉक्टर तोच पाय तपासून नुकतेच उभे राहिले होते. "सूज नाही, लंगडत नाही. मला तर हाताला काही लागत नाही."

"तुम्हाला उद्या लागेल, साहेब. मला आज लागतंय."

ट्रेनरने कपाळाला हात लावला. मोसमातली सगळ्यात मोठी शर्यत त्याच दुपारी होती.

घोडीला अख्खा तबेला बाईसाहेब म्हणायचा. आल्या तेव्हा इतक्या किरकोळ होत्या, की लोक तोंड फिरवून हसायचे. पहिल्या शर्यतीत शेवटून दुसऱ्या आल्या. त्यानंतर मात्र दहा शर्यती धावल्या आणि नऊ जिंकल्या. "मी नुसता वर बसतो, बाकी सगळं तीच ठरवते," असं जॉकीच सांगायचा. नाव ट्रेनरचं झालं, फोटो मालकिणीचे छापून आले. पाय मात्र रोज पहाटे मोतद्दाराच्या हातात असायचे, तेही चहाच्या आधी. गरम पेला धरलेला हात खोटं बोलतो, असं त्याचं म्हणणं.

"वर्षभर माझा गुडघा दुखतोय, त्याला कधी हात लावलात?" बायको विचारायची.

"तू कुठे पळतेस?" हे त्याचं ठरलेलं उत्तर.

"नीट विचार करून बोल," ट्रेनर आता म्हणाला. "शीर तापली असेल तर ही पुन्हा मैदानात उतरणार नाही. पैदाशीला जाईल, लांब. तुझ्याकडे राहणार नाही."

"ठाऊक आहे."

ते त्याला पहाटेपासूनच ठाऊक होतं. डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवलाच होता. तो गप्प बसला असता तर त्याला कुणी बोल लावला नसता. पण भर वेगात ती शीर तुटली तर कोसळलेला घोडा पुन्हा उठत नाही, हे त्याने एकदा पाहिलं होतं.

"आणि तुझी चूक निघाली तर?"

"तर मला काढा. हिला पळवू नका."

ट्रेनरने वीस वर्षं तो हात पाहिला होता. त्याने फोन लावला आणि बाईसाहेबांचं नाव मागे घेतलं.

बारा वाजेपर्यंत पाय सुजला. डॉक्टरांनी थंड पट्टी बांधली. "तुझं बरोबर होतं," जाताना ते म्हणाले. आपण चुकलो असतो तर किती बरं झालं असतं, असं मोतद्दाराला आयुष्यात प्रथमच वाटलं.

दुपारी तबेला ओस पडला. भिंतीपलीकडे शर्यत सुटली आणि लोकांचा गलका उठला. बाईसाहेबांचे कान ताठ झाले. दुखरा पाय टेकवून त्यांनी दाराकडे उसळी घेतली. मोतद्दाराने दोर आवळला. तीन वर्षांत त्याने त्यांना असं कधी अडवलं नव्हतं.

"नाही, बाईसाहेब. आज आपली नाही."

गलका चढत गेला आणि एकदम विरला. कुणीतरी जिंकलं होतं. बाईसाहेब अजून भिंतीकडे कान लावून उभ्या होत्या. त्यांची मान खाली येईपर्यंत तोही शेजारी उभा राहिला.