लाल दोऱ्याला कप्पा नको

आमच्या घरात हट्टी माणसं दोन. एक माझी मुलगी यूसरा, नववीत शिकते. दुसरे तिचे अब्बू, मेडशीतले रऊफ टेलर. यांच्या दुकानातून दोरा लोंबणारा कपडा आजवर बाहेर पडलेला नाही. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, हे कपडा उलटापालटा करून बघणार, मगच घडी घालणार.

वाशीमच्या विज्ञान प्रदर्शनासाठी यूसरानं कापडाच्या दोन पेशी केल्या. मोठी आपल्या अंगातली, दृश्यकेंद्रकी. तिच्या मधोमध केंद्रकाचा जाळीदार कप्पा, त्यात लाल दोऱ्याचा डीएनए, भोवती पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांचे ठिपके. छोटी जिवाणूची, आदिकेंद्रकी. तिला केंद्रकच नाही, म्हणून लाल दोऱ्याचं वेटोळं पोटात मोकळंच सोडलेलं. “कडा तेवढ्या मशीनवर मारून द्या,” असं अब्बूंना सांगून ती शाळेत गेली.

प्रदर्शनाला आम्ही दोघंही तिच्यासोबत गेलो. घडी घातलेलं कापड तिनं तिथेच टेबलावर उलगडलं आणि तिचा चेहरा उतरला. छोट्या पेशीतल्या दोऱ्यावरही जाळीचा कप्पा बसला होता, बारीक टाक्यांचा, अगदी देखणा.

“अब्बू, हे कायले शिवलं?”

“दोरा लोंबून राह्यला होता, बेटा. तशी वस्तू कशी जाऊ देऊ?”

“कप्पा आला म्हंजे तो जिवाणू राह्यलाच नाही. दोन्ही पेशी एकच झाल्या.”

माझा पारा चढला. पोरीची मेहनत यांच्या टापटिपीनं मातीत घातली होती. परीक्षक वैजयंती मॅडम शेजारच्या टेबलापर्यंत आल्या होत्या. यांनी खिशातली कात्री काढून कप्प्याच्या टाक्याला लावली.

“थांबा,” यूसरा म्हणाली. “मी सांगीन तवा उसवा.”

मॅडमनी आल्या आल्या तेच विचारलं, “जिवाणूत केंद्रक कसं?”

“आत्ता हा जिवाणू नाहीच, मॅडम. बाहेरचं पटल दोघींना आहे, डीएनए दोघींत आहे. आता फरक बघा. अब्बू, उसवा.”

जन्मभर शिवत आलेल्या माणसानं भरल्या सभेत आपलेच टाके कापले. कप्पा निघाला, वेटोळं मोकळं झालं.

“आता झाला जिवाणू. याला केंद्रक नाही, तंतुकणिका नाहीत, तरी हा जगतो, वाढतो. आपल्या दह्यात हेच असतात.”

“आणि तो कप्पा कोणी शिवला होता?” मॅडमनी विचारलं.

“माझ्या अब्बूंनी. त्यांच्या टाक्याला कोणी नावं ठेवत नाही.”

मान ताठ ठेवून बोलली पोरगी. माझा राग कुठल्या कुठे गेला. ही आपली लेक आहे, हे तिथल्या प्रत्येक टेबलावर जाऊन सांगावंसं वाटलं.

ती छोटी पेशी आता दुकानात मशीनच्या वर टांगली आहे. परवा दौलतराव पॅन्ट न्यायला आले आणि लोंबता दोरा दिसला म्हणून तोडायला गेले. यांनी त्यांचा हात वरच्या वर धरला.

“हात नोका लावू, दौलतराव. तो तसाच रायते. माह्या पोरीनं शिकवलं मले.”