चौसष्टावी ओळ

थ्वेट चौथ्यांदा तोच कागद घेऊन आला, तेव्हा एन्टविसलबाई चहात बिस्किट बुडवत होत्या. लांब गणितात दोनाचं वर्गमूळ एकशे अकरा येतंय, असं त्यानं सांगितलं. सांगताना तो बाईंकडे बघत नव्हता, खिडकीबाहेरच्या गिरणीच्या धुराड्याकडे बघत होता.

"तुमच्या दुभाष्याला पुन्हा शाळेत घाला," बाई म्हणाल्या आणि बिस्किट तुटून चहात पडण्याआधी अलगद तोंडात टाकलं.

पेगी हसली. मीही हसले. थ्वेट मात्र हसला नाही. नऊ दिवस तो झोपलेला नव्हता, ते त्याच्या कॉलरवरूनच कळत होतं.

आमच्या गणकयंत्राला स्वतःची बत्तीस अक्षरं सोडून दुसरं काही समजत नसे. विमानाच्या पंखावर किती ताण येतो, हे त्याला विचारायचं तर गणिताचे बारीक बारीक तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकडा त्या अक्षरांत लिहायचा. ते काम आम्हा तिघींचं, बाईंचं, पेगीचं आणि माझं. बाईंना ती अक्षरं चर्चमधल्या गाण्यांसारखी पाठ होती. यंत्र चालताना वाजणारा भोंगा नुसता ऐकून त्या स्वेटर विणता विणता सांगत, आता ते तिसऱ्या पानावर आलं, आता अडकलं, जा गं, बंद कर.

थ्वेट चोवीस वर्षांचा, गणितातला हुशार. दोन वर्षं खपून त्यानं हा दुभाष्या बांधला होता. माणसानं शाळेतल्या बीजगणितासारखं समीकरण लिहावं आणि यंत्रानंच त्याचं आपल्या अक्षरांत भाषांतर करून घ्यावं. वर्गमूळ, घनमूळ असले नेहमी लागणारे तुकडे मात्र त्यानं बाईंच्या वहीतून घेतले होते. ते बाईंनी स्वतःच्या हातानं उतरवून दिले होते, एकही खाडाखोड न करता.

छोटी गणितं दुभाष्या बरोबर सोडवी. गणित लांबलं की वेड्यासारखी उत्तरं. शुक्रवारी वरिष्ठ मंडळी बघायला येणार होती. आमचे साहेब, लम्ब, यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, शुक्रवारी चाललं तर पुढचं सगळं काम दुभाष्यावर, नाही चाललं तर तो कपाटात आणि यंत्राचे तास पूर्वीसारखे बाईंच्या टेबलाला. थ्वेटचं काय होईल ते त्यांनी सांगितलं नाही. आमचं काय होईल तेही नाही.

त्या दुपारी बाईंनी थ्वेटचा कागद मागून घेतला. जेवणाच्या सुट्टीत डब्यातलं सँडविच तसंच ठेवून त्या बोट फिरवत वाचत बसल्या. मी शेजारी होते. यंत्राच्या स्मृतीचं एक पान म्हणजे चौसष्ट ओळी. बाईंचं बोट सरळ खाली येत होतं. तळाशी येऊन ते थांबलं आणि तिथंच राहिलं.

चौसष्टाव्या ओळीत अक्षरं होती.

मी कामाला लागले तेव्हा पहिल्याच दिवशी बाईंनी मला सांगितलं होतं, पानाची शेवटची ओळ आपली नाही, ती रिकामी ठेवायची. का, असं मी विचारलं नव्हतं. घरातल्या मोठ्या माणसाची खुर्ची रिकामी ठेवतात, तशी आम्ही ती ओळ ठेवत आलो. बाईंच्या वर्गमूळाला मधला एक आकडा टेकवायला जागा लागे आणि ते तो आकडा तिथं टेकवी. दुभाष्याला हे कुणी सांगितलं नव्हतं. तो पान काठोकाठ भरी. मग वर्गमूळ येऊन त्याच्या चौसष्टाव्या ओळीवर आपला आकडा ठेवी आणि तिथली आज्ञा पुसली जाई.

बाईंनी कागदाची घडी घातली. कोटांच्या खोलीत मी त्यांना गाठलं. माझी नोरा तेव्हा दहा महिन्यांची होती, सासूबाईंकडे राहायची. रोज चार वाजता माझी छाती दुधानं भरून येई तेव्हा बाई काही न बोलता माझे कागद आपल्या पुढ्यात ओढून घेत आणि मला बसकडे पिटाळत. लम्बसाहेबांना हे कधी कळलं नाही. दुसऱ्या कुठल्या कामावर मला असं जाता आलं असतं? मी त्यांना सरळच म्हणाले की आपण गप्प बसू या. आपण काही बिघडवलेलं नाही. नऊ दिवसांत त्याला सापडलं नाही, आणखी तीन दिवसांत काय सापडणार.

"त्या पोराची चूक असती तर मी बसलेही असते गप्प," बाई म्हणाल्या. "चूक माझी आहे, मॅज. मी ते वहीत लिहिलंच नाही."

"त्यात काय लिहायचं? सगळ्यांना ठाऊक आहे."

"सगळ्यांना म्हणजे तिघींना."

मी रडायला लागले. मला रडायचं नव्हतं, पण बाळंतपणापासून तसंच होत होतं. बाईंनी रुमाल दिला. मग कोटाची बटणं खालपासून वर लावत त्या मला म्हणाल्या की तू सव्वीस वर्षांची आहेस, दुभाष्याची नवीन लिपी तुला महिन्याभरात येईल, थ्वेटला हाताखाली माणूस लागेलच आणि तुझं नाव मी स्वतः सांगेन.

"आणि तुम्ही?"

"माझं बटण तुटलंय बघ," त्या म्हणाल्या. आणि खरंच तुटलं होतं.

थ्वेटला त्यांनी आमच्यासमोरच सांगितलं. आवाज चढवला नाही, की उतरवलाही नाही. नऊ दिवस तुमचे माझ्यामुळे वाया गेले, एवढं म्हणाल्या. त्याला आधी कळेचना. कळलं तेव्हा तो खुर्चीत बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. वहीतल्या वर्गमूळाच्या पानावर बाईंनी शाईनं समास सोडून लिहिलं, 'यास शेवटची ओळ रिकामी लागते', आणि खाली तारीख घातली.

शुक्रवारी उत्तर बरोबर आलं. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. लम्बसाहेबांनी थ्वेटच्या पाठीवर थाप मारली. थ्वेट बाईंचं नाव घ्यायला तोंड उघडत होता, तेवढ्यात कुणी तरी दुसराच प्रश्न विचारला.

उन्हाळ्यापर्यंत आमचं टेबल उठलं. पेगी लग्न करून बोल्टनला गेली. मला थ्वेटकडे घेतलं, चार वाजताच्या सवलतीसकट. ती बाईंनी कशी मिळवली ते मला आजतागायत माहीत नाही. बाईंना दोन गोष्टींतून निवडायला सांगितलं होतं. एक तर तळघरात जुने कागद सांभाळायचे, नाही तर नव्या मुलांच्या वर्गात बसून नवीन लिपी शिकायची.

वर्गाच्या पहिल्या सकाळी त्या पंधरा मिनिटं आधीच आल्या. करडा कोट, नवीन वही, टोक काढलेल्या तीन पेन्सिली. नुकत्याच कॉलेजातून आलेल्या मुलांनी त्या शिकवायला आल्या आहेत असं समजून उठून उभं राहायला सुरुवात केली. बाईंनी हातानंच त्यांना खाली बसवलं आणि स्वतः पहिल्या बाकावर कडेला बसल्या.

थ्वेटनं फळ्यावर एक सोपं समीकरण लिहिलं. मुलांच्या पेन्सिली भराभर चालायला लागल्या. बाईंनी त्या चिन्हांकडे बराच वेळ बघितलं. मग त्यांनी हात वर केला, शाळेतल्या मुलीसारखा, कोपर बाकावर टेकवून.

थ्वेट फळ्यापासून खाली उतरला. त्यांच्या बाकाशी येऊन गुडघ्यावर बसला, म्हणजे त्यांना मान वर करावी लागू नये. हलक्या आवाजात त्यानं विचारलं, "बोला, मिस एन्टविसल."

मी फळा पुसायचं फडकं धुवायला बाहेर गेले.