फाटका आवाज

भिंगारच्या छावणीतून बदली होऊन गेलेल्या एका फौजी वादकाकडून कृपादानने ती विजेवरची गिटार घेतली होती. तिला जोडलेला स्पीकर मोडक्या रेडिओतून काढलेला. त्याच्या कागदी पडद्याला कृपादानने दाढीच्या पात्याने स्वतःच चिरा दिल्या, तेव्हा कुठे त्याला हवा तो आवाज निघाला: गुरगुरणारा, खरखरीत, ऐकणाऱ्याच्या छातीत शिरणारा. नगरात तसा आवाज दुसऱ्या कोणापाशी नव्हता. तसा तो कोणाला हवाही नव्हता. लग्नाच्या ऑर्केस्ट्रावाल्यांनी त्याला हाकलले होते. चर्चमध्ये पेटी वाजवणारे त्याचे वडील, योसेफ मास्तर, गिटार सुरू झाली की निमूट उठून ओट्यावर जाऊन बसत.

त्या दुष्काळी उन्हाळ्यात मात्र पुण्याच्या कॅम्पातल्या एका रॉक बॅण्डला गिटारवाला हवा होता. बॅण्डचा म्होरक्या रॉनी परेरा रविवारी मोटारसायकलवरून ऐकायला येणार होता. जमले तर कृपादान त्याच्यामागे बसून पुण्याला जाणार, मुंबईच्या हॉटेलांत वाजवणार. नाही जमले, तर असला माणूस पुन्हा नगरची वाट धरणार नव्हता. हे कृपादानला ठाऊक होते आणि मास्तरांनाही.

रविवारी प्रार्थना आटोपून आलेले मास्तर त्या दिवशी ओट्यावर गेले नाहीत. अंगातला कोटही न काढता ते पाहुण्याशेजारी खुर्ची ओढून बसले.

कृपादानने तार छेडली. आवाज आला तो स्वच्छ, गोल, सभ्य. त्याने बटण पुरते फिरवले. आवाज मोठा झाला, पण सभ्यच राहिला. त्याने वाकून पाहिले. प्रत्येक चिरेवर मलमलीची पट्टी खळीने नेटकी चिकटवलेली होती. पेटीच्या भात्याला मास्तर लावत, तशीच.

"मघाशी तू टँकरवर गेल्तास ना, तवा लावल्या," मास्तर हळूच म्हणाले. "पाहुण्यापुढं फाटकं कसं ठेवायचं, कृपा?"

नखाने उकलाव्यात एवढ्याच त्या पट्ट्या होत्या. रॉनीला घटकाभर थांबवायचे आणि त्या ओढून काढायच्या. कृपादानचे नख पहिल्या पट्टीच्या कडेखाली गेलेही. मग त्याने वर पाहिले. आयुष्यात पहिल्यांदाच मास्तर त्याचे वाजवणे ऐकायला बसले होते. त्यांच्या बोटांवरची खळ अजून धुतलेली नव्हती. पट्ट्या काढायच्या म्हणजे त्या बोटांसमोर फाडायच्या.

त्याने नख काढून घेतले आणि वाजवू लागला. बोटे कुठे चुकली नाहीत. रॉनीने शेवटपर्यंत ऐकले, चहा घेतला आणि सरळ मनाने सांगितले, "हात चांगला आहे तुझा. पण हा आवाज आमच्या कामाचा नाही रे. ऑर्केस्ट्रात जा, उचलून घेतील."

मोटारसायकलची धूळ बसेपर्यंत मास्तर दारात उभे होते. आत आले तेव्हा त्यांचा चेहरा उजळलेला होता.

"त्यांचं जाऊ दे. हात चांगला, हे तर बोलले का न्हाई? येत्या रविवारी चर्चला वाजव. आता नेण्याजोगी झालीय ती."

"व्हय, आबा," कृपादान म्हणाला.

मास्तर हात धुवायला मागे गेले. कृपादानने पट्टीवरून अंगठा फिरवला. खळ पुरती वाळली होती. आता ओढली असती, तर पट्टीबरोबर पडदाही आला असता.