जाळं रिकामं राहू दे

“आजी, उद्या या जाळ्यात एक जरी बॉल पडला ना, तर मी घरी जेवायला यायची नाही.”

घार गोलच्या खांबाला टेकून उभी होती आणि तिची आजी स्टुलावर चढून आडव्या दांड्याला जाळं बांधत होती. पोरीचं खरं नाव वेगळं. पण गोलात उभी राहिली की ती हात पसरून अशी काही झेपावायची की सगळ्या बंदरानं तिची घार करून टाकली होती.

“मग राहा उपाशी,” दातांत धरलेली दोरी न सोडता आजी म्हणाली. “जाळं विणणार मी, आणि त्यात काही पडू देणार नाहीस तू. एका घरात दोन धंदे, तेही एकमेकांच्या मुळावर उठलेले.”

“पण घट्ट बांध ना जरा. कसं लोंबतंय बघ.”

“लोंबू दे. घट्ट बांधल्यावर काय झालं होतं ते मास्तरांना विचार.”

कुंपणापाशी खुर्ची टाकून बसलेले म्हातारे मास्तर नुसते हसले. ती गोष्ट त्यांनी इतक्या वेळा सांगितली होती की आता हसले तरी ऐकणाऱ्याला सगळी कळायची.

मास्तर बंदराच्या शाळेत भूगोल शिकवायचे. तेव्हा धक्क्याला देशोदेशीच्या बोटी लागत आणि त्यांवर मिसरूड न फुटलेली शिकाऊ पोरं असत. एकाची भाषा दुसऱ्याला कळायची नाही. शिव्या तेवढ्या सगळ्यांच्या सगळ्यांना कळायच्या. रोज मारामाऱ्या. मास्तरांनी एक दिवस शाळेमागच्या मोकळ्या जागेत त्या पोरांच्या मधोमध एक फुटबॉल टाकला आणि स्वतः शिट्टी घेऊन उभे राहिले. तीन देशांची पोरं, गोलला तेलाची दोन पिंपं. पण बॉल पिंपांच्या आतून गेला की बाहेरून, यावरून पुन्हा हाणामारी. म्हणून मास्तर जाळं विणणाऱ्या एका तरुण बाईच्या दारात गेले आणि म्हणाले, “वहिनी, मला मासे नकोत. भांडण पकडता येईल असं काहीतरी विणून द्या.”

ती ही आजी. मावशी म्हणतात तिला सगळे. तेव्हा तिच्या नवऱ्याला जाऊन वर्षही झालं नव्हतं. तिनं जाळं विणलं, आणि लोंबतं जाळं म्हणजे विणणारीची अब्रू गेली अशी तिच्या धंद्यातली समजूत, म्हणून वाळत घालतात तसं ते चारी बाजूंनी ताणून बांधलं. पहिलाच गोल झाला. बॉल ढोलावर आपटावा तसा जाळ्यावर आपटला आणि उलटा थेट मैदानाच्या मध्यात आला. मास्तरांना वाटलं, दांड्याला लागला. त्यांनी गोल दिला नाही. मग जे झालं ते आवरायला बोटींचे कप्तान यावे लागले.

“वहिनी, तुमच्या जाळ्यातला मासा पळाला,” मास्तर ओठाचं रक्त पुसत म्हणाले होते.

दुसऱ्या दिवशी मावशीनं जाळं सैल केलं, मागे पोटासारखा झोळ सोडला. आलेला बॉल त्यात थकल्यासारखा पडायचा. तेव्हापासून त्या मैदानावर गोल झाला की नाही यावर वाद झाला नाही. वाद दुसऱ्या शंभर गोष्टींवर झाले, पण त्या मावशीच्या हातातल्या नव्हत्या.

पुढे त्या खेळाला काय दिवस आले म्हणता. तीन देशांचे सहा झाले, सहाचे बारा. बोटींची पोरं गेली, विमानानं पोरं येऊ लागली, आपापल्या शिक्षकांबरोबर, आपापले झेंडे घेऊन. वयाची अट आली, दाखले आले. वर्तमानपत्रांनी त्याला कुमारांचं आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद म्हणायला सुरुवात केली आणि टेकडीपलीकडे मोठं स्टेडियम उभं राहिलं. तिथली जाळी कारखान्यातून येतात. पांढरीशुभ्र, गाठींमधली सगळी घरं सारखी. मावशीला वाईट वाटेल म्हणून मास्तर चार दिवस तिच्याकडे फिरकले नव्हते. शेवटी तीच त्यांना घेऊन स्टेडियमवर गेली, जाळं बोटांत धरून पाहिलं, एक गाठ नखानं चाचपली. म्हणाली, “चांगलं आहे हो. पावसात कुजायचं नाही. पोरांचं भलं झालं.”

आणि तिचं जाळं शाळेमागच्या जुन्या मैदानावर राहिलं, गल्लीतल्या पोरांसाठी.

यंदा मात्र नवल झालं. मुलींचं अजिंक्यपद पहिल्यांदाच भरलं, चार देशांचं, चाचणी म्हणून, आणि ते दिलं जुन्या मैदानावर. आपल्या संघाच्या गोलात मावशीची नात. उपांत्य सामना त्यांनी रडतखडत काढला, दोन गोल खाऊन तीन केले. अजिंक्यपदाच्या समितीकडून पाहणीला आलेल्या बाई कमी बोलणाऱ्या होत्या, पण माणूस चांगल्या. मावशीनं त्यांना विचारलंच.

“बाई, पोरींचं पुढे काय?”

“अंतिम सामना नीट पार पडू दे, मावशी. लोक आले, खेळ चांगला झाला, तर पुढच्या वर्षी मुलीही मोठ्या स्टेडियमवर. कायमच्या.”

“आणि जाळी?”

बाईंनी क्षणभर खाली पाहिलं. “जाळीही तिकडचीच. नियम आहे.”

“मग बरं,” मावशी म्हणाली.

घरी येऊन तिनं जुनी जाळी उतरवली आणि अंतिम सामन्यासाठी दोन नवी विणायला घेतली. तिच्या शेजारचा सुतार, होड्यांच्या फळ्या बदलणारा, दारातून ओरडला, “मावशी, डोकं ठिकाणावर आहे ना? पोरींचा सामना नीट झाला की तुमचं काम संपलं. स्वतःच्या पायावर धोंडा पाडायला एवढी नवी दोरी?”

“दादा, लेकीला सासरी धाडताना फाटकं लुगडं नेसवतात का?”

सुतार आपल्या फळ्यांकडे वळला. ती विणत राहिली. एकेका गाठीला ओठांत देवाचं नाव, ही तिची जुनी सवय. तिचा देव तिच्या गाठींतच बसलेला असायचा.

आता एक सांगायला हवं. त्या बंदरात एक रीत होती. भरलं जाळं खांद्यावर घेऊन कुणी धक्क्यावरून आलं की सगळी गल्ली विचारायची, “काय लागलं?” आणि तो माणूस ऐटीत सांगायचा. पण रिकामं जाळं घेऊन आला तर कुणी विचारायचं नाही. लोक बाजूला होऊन वाट द्यायचे आणि खाली बघायचे. मावशीच्या नवऱ्याची होडी एकदा वादळानंतर सापडली. होडीत जाळं होतं, तो नव्हता. ते जाळं तीच खांद्यावर घेऊन घरी आली होती. त्या दिवशी अख्खी गल्ली भिंतीला चिकटून उभी होती आणि कुणाच्या तोंडून शब्द नव्हता. त्या जाळ्यातली निळी दोरी तिनं जपून ठेवली होती.

अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी धक्क्याकडच्या गोलच्या जाळ्यात तिनं त्या निळ्या दोरीची एक गाठ मारली. पोरगी सामना सुरू होताना त्या गोलात उभी राहणार होती. तिच्या पाठीशी आजोबा असावेत, एवढाच हेतू.

सामन्याला माणूस लोटला. शाळेच्या गच्चीवर, कुंपणावर, सुताराच्या उपड्या घातलेल्या होड्यांवर, जागा मिळेल तिथे. मास्तरांना पुढची खुर्ची होती. पाहणीच्या बाई त्यांच्या शेजारी. मावशी नेहमीप्रमाणे गोलमागे, जमिनीवर. इतकी वर्षं ती अशीच बसत आली होती. आणि इतक्या वर्षांत तिनं कधी कुणाची बाजू घेतली नव्हती. जाळं विणणारीला सगळे बॉल सारखे. आज तिनं हात जोडले आणि पहिल्यांदाच बाजू घेतली.

पण जीभ वळेना. जन्मभर तिनं एकच मागणं मागितलं होतं, देवा, जाळं भरू दे. नवऱ्यासाठी मागितलं, मुलासाठी मागितलं, गल्लीतल्या प्रत्येक होडीसाठी मागितलं. आता मागायचं होतं, जाळं रिकामं राहू दे. दोनदा तिच्या तोंडून सवयीनं उलटंच निघालं, दोनदा तिनं जीभ चावली. देवालाही वाटलं असेल, म्हातारीचं आज काय बिनसलंय.

पहिला अर्धा खेळ कोरा गेला. पाहुण्या मुली अंगानं दणकट. त्यांची एक उंच आघाडीची खेळाडू होती, तिची लाथ बसली की बॉल शीळ घालत यायचा. घारीनं दोनदा तो बोटांच्या टोकांनी वर उडवला. जाळ्यातून मावशीला पोरीची पाठ दिसत होती, चौकोनाचौकोनांत वाटलेली, आणि तिच्या डोक्यावर ती निळी गाठ.

मध्यंतराची शिट्टी झाली. मुली पाणी प्यायल्या, परत आल्या. आणि घार धावत धावत शाळेकडच्या गोलात जाऊन उभी राहिली.

मावशीला आत्ता आठवलं. बाजू बदलतात. आयुष्यभर बघत आलेली गोष्ट, आणि नेमकी आज विसरली. निळी गाठ इथेच राहिली, परक्या पोरीच्या पाठीशी.

“दादा,” तिनं शेजारी बसलेल्या सुताराचं मनगट धरलं, “गाठ चुकीच्या गोलात राहिली.”

“कसली गाठ?”

“यांची. निळी. मी यांना त्या पोरीच्या मागे उभं करून बसले.”

सुतारानं तिच्याकडे पाहिलं. “मावशी, तुमच्या मालकांना आयुष्यभर काय हवं होतं? जाळं भरायला ना? मग ते उभेत तिथे बरोबर उभेत. तुम्ही पलीकडे चला.”

ती उठली. गुडघे धरत, लोकांच्या पायांतून वाट काढत मैदानाला वळसा घालून शाळेकडच्या गोलमागे पोचली. पोचते न पोचते तोच मागे धक्क्याकडून गलका उठला. तिनं वळून पाहिलं. आपल्या पोरींनी गोल केला होता. बॉल जाळ्याच्या पोटात निजल्यासारखा पडला होता आणि निळी गाठ अजून झुलत होती.

“भरलं हो तुमचं,” ती हळूच म्हणाली. कुणाला, ते तिथे कुणाला कळलं नाही.

पण खेळ संपला नव्हता. अगदी शेवटाला आपल्याच एका पोरीचा हात बॉलला लागला आणि पाहुण्यांना पेनल्टी मिळाली. ती उंच मुलगी बॉल ठेवून मागे सरकली. मास्तर खुर्चीतून उभे राहिले होते. घारीनं एकदा मागे पाहिलं, जाळ्याच्या घरांतून तिची आणि आजीची नजर भेटली.

“आजी, बघू नकोस.”

“मी तुला बघतच नाही,” आजी म्हणाली. “मी माझ्या जाळ्याकडे बघतेय.”

आणि खरंच ती जाळ्याकडेच बघत राहिली. देवा, रिकामं. या वेळी जीभ चुकली नाही. लाथ बसल्याचा आवाज आला, मग चामड्यावर चामडं आपटल्याचा. मावशीच्या डोळ्यांपुढचं एकही घर हललं नाही. वाऱ्यानं हलतं तेवढंसुद्धा नाही. मग तिच्यापुढे जमिनीवर आडवी पडलेली पोरगी दिसली, बॉल पोटाशी घट्ट धरलेला, गालाला माती.

शेवटची शिट्टी झाली तेव्हा लोक मैदानात घुसले. पाहणीच्या बाई गर्दीतून वाट काढत मावशीकडे आल्या. त्यांचे डोळे भरले होते.

“झालं ना नीट?” मावशीनंच विचारलं.

“झालं. पुढच्या वर्षी मोठं स्टेडियम.”

“मग मला स्टूल द्या जरा. जाळी उतरवते.”

घार धावत आली. “आजी, राहू दे ना, माणसं उतरवतील.”

“माझी गाठ मीच सोडते. तू कप धर तुझा.”

तिनं दोन्ही जाळी उतरवली. निळ्या गाठीचं सुताराकडे दिलं. शाळेकडचं तिनं स्वतः खांद्यावर घेतलं. सगळ्या सामन्यात त्याला बॉल शिवला नव्हता. घार शेजारी, कप काखेत. मास्तर काठी टेकत मागे.

गल्लीच्या तोंडाशी लोकांनी तिला पाहिलं. म्हातारी बाई, खांद्यावर रिकामं जाळं. सवयीनं दोन-चार जण भिंतीकडे सरले. मग वरच्या खिडकीतून एका बाईनं मान बाहेर काढली आणि मोठ्यानं विचारलं, “मावशी, काय लागलं आज?”

मावशी थांबली. खांद्यावरचं जाळं तिनं नीट केलं.

“काही नाही,” ती म्हणाली. “एकसुद्धा नाही.”

पुढच्या दारातून पुन्हा कुणीतरी विचारलं. त्याच्या पुढच्या दारातून पुन्हा. तिनं प्रत्येकाला तेच सांगितलं, त्याच आवाजात. घर डावीकडे वळलं की लगेच होतं. मावशी उजवीकडे वळली आणि सबंध बंदराला वळसा घालणाऱ्या लांबच्या वाटेनं निघाली.